फाटकबाईंचं बिऱ्हाड

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून माझी खुर्ची बदलली. सतरा वर्षं दुसऱ्या मजल्यावरची सिस्टर होते. आता तळमजल्यावर जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि दारावर पाटी: ‘पुन्हा घरी’. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या शुश्रूषाकेंद्राच्या प्रमुख, म्हणाल्या, "तुमचे गुडघे जिन्यावर कुरकुरतात आणि तुमच्याशी सगळे बोलतात. एका दगडात दोन पक्षी." त्यांनी केलेलं कौतुक असंच असतं, अंगाला लावून घ्यावं की पुसून टाकावं ते कळत नाही.

काम असं. केंद्रात राहणाऱ्या एकशे बारा जणांपैकी प्रत्येकाला विचारायचं, इथून बाहेर पडून स्वतःच्या घरात राहायला आवडेल का? हो म्हणाले तर त्यासाठी काय काय लागेल ते शोधायचं: खोली, मदतीला बाई, वॉकर, उंच कमोड, उंबऱ्याला उतार. नाही म्हणाले तर तेही लिहायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं.

खरं सांगायचं तर मला हे पटलेलं नाही. माणसं इथे येतात ती घरी जमत नाही म्हणून. जमत असतं तर आली असती का? पण वरून आदेश आहे. ऑफिसच्या फॉर्मवर जे लिहिता येणार नाही ते लिहायला ही वही आणली.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवसांत चौदा जणांना विचारलं. एक आजोबा म्हणाले, "बाहेर म्हणजे? व्हरांड्यात ना?" एका आजींचा चेहराच उतरला. "का हो, माझं काही चुकलं का?" तुम्हाला कोणी हाकलत नाहीये, हे त्यांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

चौदा नंबरच्या खोलीतल्या दोघी मात्र वेगळ्या निघाल्या. खिडकीजवळच्या रेडिओआजी. सकाळी डोळा उघडला की त्यांचं स्टेशन सुरू होतं, म्हणून हे नाव. पायांनी धडधाकट, फक्त साखर वरखाली होते. त्यांनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "उद्या निघू? माझी पेटी पलंगाखालीच आहे." त्यांचं नाव यादीत पहिलं असणार हे मी आधीच धरून ठेवलं होतं.

दाराजवळच्या त्या फाटकबाई. वय बाहत्तर. एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर नोकरी. वस्तीपासून लांब, चौकीत एकट्या. गाडी यायची झाली की फाटक पाडायचं, गेली की उघडायचं. खुब्याचं हाड मोडलं म्हणून सहा आठवड्यांसाठी आल्या आणि राहूनच गेल्या. व्हीलचेअरमध्ये असतात. डावा हात अधू. माझा प्रश्न संपल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाच वर्षं दोन महिने," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"हे विचारायला." मग माझ्या फॉर्मकडे बोट केलं. "हो. लिहा."

मी ‘हो’ लिहिलं आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. यांच्या गाउनची बटणं पाच वर्षं मी रोज सकाळी लावत आले. ज्यांना बटण लावता येत नाही त्या बिऱ्हाड काय थाटणार?

घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात नुसत्याच उभ्या. गेल्या वर्षी त्यांच्या बाहीला गॅसची झळ लागली, तेव्हापासून मी त्यांना ओट्याजवळ येऊ देत नाही. ताट वाढून हातात देते. नवरा म्हणतो, आईची चैन आहे. हल्ली फार गप्प असतात. वय झालं की माणूस आत आत जातं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फाटकबाईंची फाइल काढली. त्या आल्या त्या महिन्यातलं एक पान. आधीची नोंद: ‘वॉकरने वीस पावलं. प्रगती चांगली.’ तीन दिवसांनंतरची, वेगळ्या अक्षरात: ‘चालताना तोल जातो. पडण्याचा धोका. यापुढे व्हीलचेअरच वापरावी.’ खाली सही.

सही माझी.

तो दिवस मला आठवेना. आठवलं ते एवढंच, की त्या दिवसांत मजल्यावर आम्ही दोघीच होतो आणि पेशंट बत्तीस. एका माणसाला वॉकरने बाथरूमपर्यंत न्यायला पंधरा मिनिटं लागायची, खुर्चीने दोन. तोल खरंच गेला होता का? गेला असेल, एखाद्या वेळी. पुढे ती ओळ कोणी तपासली नाही. मीसुद्धा नाही.

आज जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस टाळलं. आज धीर करून फाटकबाईंना जिन्याखालच्या खोलीत आणलं, दार लावलं आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "हे मी लिहिलंय."

त्यांनी चष्मा लावला नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुम्ही माझ्यासमोरच लिहिलंत. पलंगाच्या पायाशी उभ्या राहून. मला वाचता येतं."

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत? मला चालता येतं, असं म्हणायचं!"

"तुम्ही विचारलंत का?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मला वाटलं, इथला नियम असेल. वरून निरोप आला की फाटक पाडायचं, का ते विचारायचं नाही. एकतीस वर्षं हेच केलं. सवय वाईट."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं. आता पुढचं बोला. वॉकर कधी मिळेल?"

मी फॉर्म काढून ते प्रश्नचिन्ह खोडलं. त्या बघत होत्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओबाई आठवड्यातून दोनदा येतात. तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. त्यांनी फाटकबाईंचा पाय वरखाली करून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाड कधीच जुळलंय. स्नायू झोपलेत. झोपलेल्याला उठवता येतं, मेलेल्याला नाही. हे झोपलेलेच आहेत."

पहिल्या दिवशी अकरा सेकंद उभ्या राहिल्या. आज तीन मिनिटं आणि सात पावलं. फाटकबाईंनी शाळेची असते तशी एक वही मागून घेतली आहे. त्यात वेळा लिहितात: ‘९.१० उभी. ९.१३ बसले.’ गाड्यांची नोंद अशीच ठेवायच्या म्हणे.

सकाळी बटणं. माझा हात सवयीने पुढे गेला.

"हात मागे," त्या म्हणाल्या.

पाच बटणं, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटं. अकरा मिनिटं. मी पलंगावर माझ्या दोन्ही हातांवर बसून राहिले होते, खरंच अंगाखाली हात घालून. चौथं बटण तीनदा निसटलं, तेव्हा माझ्याच कपाळावर घाम आला. त्यांच्या कपाळावर नव्हता. पलीकडून रेडिओआजींचं समालोचन चालू: "आलं, आलं, गेलं! अहो, जरा तिरकं धरा! आलं!" शेवटचं बटण लागलं तशी खोलीत एकदम शांतता झाली. रेडिओसुद्धा बंद.

सतरा वर्षांत मी किती बटणं लावली असतील. कोणाचं लावायची गरज होती आणि कोणाचं नव्हती, याचा हिशोब आता कोण देणार?

२ मार्च, रविवार

फाटकबाईंना मूलबाळ नाही. एक भाचा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संत्री घेऊन येतो, न चुकता. आज मावशीला वॉकरवर व्हरांड्यातून येताना पाहिलं आणि त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. डोळे भरून आले. मला वाटलं, चला, हा आपल्या बाजूचा.

कुठलं! बाहेर राहण्याचा विषय निघाला मात्र, गडी एकदम ताठ झाला. "चालते ते छान आहे. इथेच चालू दे."

"इथे कुठे चालू?" फाटकबाई म्हणाल्या. "व्हरांडा संपला की भिंत येते."

"मावशी, उद्या काही झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"तोंड बंद ठेव मग."

मला हसू आवरेना. पण नंतर तो माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला कोणी सांगितलंय की नाही, माहीत नाही. ती पडली तेव्हा दार तोडून आत मी गेलो होतो. एक दिवस आणि एक रात्र ती फरशीवर होती. पाण्याचा तांब्या हातभर लांब. मला बघून काय म्हणाली माहीत आहे? ‘उशीर झाला का रे तुला?’ म्हणाली, जणू काही मीच दमून आलो होतो." दाराकडे बघत तो म्हणाला, "मला ते दार अजून दिसतं."

मी त्याला म्हणणार होते की आता तसं होणार नाही. पण असं कसं म्हणणार? मी म्हटलं, "भीती मलाही वाटते." त्याला तेच बरं वाटलं असावं. जाताना त्याने संत्री सोलून दिली.

१२ मार्च, बुधवार

आज घरं बघायला निघालो. गाडीत फाटकबाई, रेडिओआजी आणि मी.

पहिल्या घराचा मला फार अभिमान होता. आठ दिवस फोन करून शोधलेलं. तळमजला, स्वच्छ, आणि खिडकीतून थेट रेल्वेचे रूळ! म्हटलं, फाटकबाई हरखून जातील. तेवढ्यात एक गाडी धडधडत गेली. मी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा दगडासारखा.

"आवडलं नाही?"

"एकतीस वर्षं हिच्या तालावर जेवले, हिच्या तालावर झोपले. पोटभर झोप म्हणजे काय ते निवृत्त झाल्यावर कळलं. पुन्हा इथे आणता मला?"

माझा फुगा फुटला. एखाद्याचं आयुष्य फाइलमध्ये वाचून त्याची आवड ठरवायची नाही, हे पुढच्यासाठी लिहून ठेवते.

दुसरं घर मी नुसतं नावाला यादीत ठेवलं होतं. गजबजलेली गल्ली, शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान, समोर धोबी. दिवसभर ठोकठोक आणि माणसांची ये-जा. मी म्हटलं, इथे फार गोंगाट आहे. फाटकबाई वॉकर धरून दारात उभ्या राहिल्या आणि दहा मिनिटं हलल्याच नाहीत.

"फाटकावर माणसं खूप बघितली," त्या म्हणाल्या. "पण सगळी खोळंबलेली. चिडलेली. हॉर्न वाजवणारी. आता जरा न चिडलेली माणसं बघू दे."

त्याच घराच्या मागच्या बाजूला तशीच दुसरी खोली रिकामी आहे, ती रेडिओआजींना दाखवली. त्या उत्साहाने आत शिरल्या, मधोमध उभ्या राहिल्या, काहीतरी बोलल्या. रिकाम्या खोलीत आवाज घुमला. आणि त्या गप्प झाल्या. रेडिओआजी गप्प झालेल्या मी प्रथमच बघितल्या. परत येताना गाडीत हळूच म्हणाल्या, "सिस्टर, मला नको."

मी समजावायला लागले. तुमचे पाय किती चांगले, तुम्हाला सहज जमेल, सवय होईल.

"जमेल हो. पण मी एवढी बडबडते ती कोणीतरी ‘पुरे करा’ म्हणावं म्हणून. तिथे कोण म्हणणार? भिंत?"

मी आणखी तोंड उघडलं, तर फाटकबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "त्यांनी उत्तर दिलंय. लिहा."

लिहिलं. जिच्याबद्दल खात्री होती ती राहणार आणि जिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं ती जाणार. सतरा वर्षांच्या अनुभवाचा असा निकाल.

२४ मार्च, सोमवार

फिजिओबाईंचं म्हणणं, चालायला शिकणं अर्धं काम. पडल्यावर उठायला शिकणं हे उरलेलं अर्धं. म्हणून गेले दहा दिवस फाटकबाई रोज गादीवर मुद्दाम आडव्या होतात. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार, मग गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीच्या बैठकीवर हात, चांगला पाय पुढे आणि वर.

पहिले चार दिवस जमलंच नाही. कुशीपर्यंत यायच्या आणि धाप लागायची. एकदा डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, त्यांनी ते दंडाने पुसलं आणि म्हणाल्या, "घड्याळ बघा, किती झाले?" सातव्या दिवशी अडतीस मिनिटांत उठल्या. आज बावीस.

आज त्यांना सोबत म्हणून मीही शेजारी आडवी झाले. फजिती अशी, की त्या उठल्या आणि मी खालीच. माझे गुडघे! फाटकबाई खुर्चीत बसून मला सूचना देत होत्या, "घाई नको. आधी कूस. आता कोपर. हं, खुर्ची पळून जात नाही." फिजिओबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. शेवटी उठले. कोणाच्या आधाराशिवाय उठलं की छाती कशी भरून येते, ते मला आज कळलं.

घरी सासूबाईंना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "त्या बाई चहा करतात का स्वतःचा?"

"करतात की. केंद्राच्या छोट्या स्वयंपाकघरात सराव चालू आहे. चहा, अंडं उकडणं, भाजी चिरणं."

"गॅसवर?"

"गॅसवर."

"अस्सं," म्हणाल्या आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसल्या. त्यांना फाटकबाईंच्या गोष्टीत फार रस आहे. बरं झालं, तेवढाच त्यांना विरंगुळा. मी त्यांना गरम दूध नेऊन दिलं.

५ एप्रिल, शनिवार

आजपासून दोन दिवस चाचणी. फाटकबाई गल्लीतल्या घरात एकट्या राहणार. सकाळी दोन तास मदतीची बाई, बाकी त्या आणि त्यांचं घर. उतार बसवला आहे, बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना दांडे आहेत. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. दुपारी निघताना मी गॅस, औषधं, फोन तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला वळले तर त्यांनी दार लावून घेतलं.

६ एप्रिल, रविवार

क्रमाने लिहिते.

सकाळी अकराला तिकडे गेले. भाचाही त्याच वेळी आला, संत्री घेऊन, पहिला रविवार ना. बेल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. आतून आवाज आला, लांबून आणि खालून.

"कोण?"

"मी सिस्टर. आणि तुमचा भाचा."

"पडलेय. बाथरूमच्या दाराशी."

भाचा पांढराफटक पडला. त्याने खांद्याने दारावर धडक मारायचा पवित्रा घेतला. मी त्याला किल्ली दाखवली आणि ती कुलुपात घातलीसुद्धा.

"कुलूप उघडू नका!" आतून आवाज आला.

"डोकं आपटलं का?"

"नाही. गुडघा मोडून खाली बसले. मग आडवी झाले."

"खुबा दुखतोय? पाय हलतोय?"

"हलतोय. दोन्ही. सिस्टर, ऐका. दर पाच मिनिटांनी मला हाक मारा. मी ओ देईन. ओ आली नाही तर उघडा. ओ येतेय तोवर नाही."

भाचा म्हणाला, "मावशी, हा हट्ट आहे!"

"नाही रे. काम आहे माझं."

मी सतरा वर्षं नर्स आहे. कोणी पडलं की धावायचं, हे माझ्या रक्तात आहे. किल्ली माझ्या हातात होती, कुलुपात होती, नुसती फिरवायची होती. मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून सहा मिनिटं. "बरं," मी म्हटलं आणि किल्ली सोडली नाही, पण फिरवलीही नाही.

अकरा अकरा. "फाटकबाई!" "ओ. कुशीवर आहे."

अकरा सोळा. "ओ." नुसतं ओ. श्वासाचा आवाज मोठा.

अकरा एकवीस. काही नाही. भाच्याने माझा दंड धरला. मी पुन्हा हाक मारली. माझाच आवाज मला ओळखू येईना. मनात दहा मोजायचे ठरवले. सातवर आवाज आला, "ओ, ओ. गुडघ्यावर आले. बोलायला दम नव्हता."

सायकलवाला हातातलं काम टाकून आला. धोबीही आला. आतून काहीतरी फरशीवर घासत असल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. ती खुर्ची असावी. एकदा धप्पकन आवाज झाला. मग, "ओ! हाक नसली तरी ओ. खुर्ची सरकली. पुन्हा करते."

भाचा दाराला कपाळ टेकून उभा होता. "कर मावशी," तो म्हणाला. हळू. मला नाही वाटत त्यांना ऐकू गेलं असेल.

अकरा एकेचाळीस. वॉकरचा आवाज. टक, टक. आतून कुलूप उघडलं. फाटकबाई दारात उभ्या. केस विस्कटलेले, कोपर खरचटलेलं, चेहरा घामाने निथळत. त्यांनी आम्हा चौघांकडे पाहिलं.

"केवढी गर्दी," त्या म्हणाल्या. "या आत. चहा टाकायचाय."

भाचा खाली बसला. तिथेच, पायरीवर. लहान मुलासारखा रडला. फाटकबाईंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्याने वॉकर धरून ठेवला.

कोपराला मलम लावलं, रक्तदाब बघितला, खुबा तपासला. सगळं ठीक. चहा त्यांनीच केला. थोडा सांडला.

८ एप्रिल, मंगळवार

बैठक. मोठ्या मॅडम, डॉक्टर, फिजिओबाई, भाचा, मी आणि टेबलाच्या टोकाला फाटकबाई.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांच्या चाचणीत दुसऱ्याच दिवशी पडल्या, मग प्रश्नच मिटला. मी काहीतरी मुद्दे लिहून नेले होते. ते काढायच्या आधीच भाचा उठला. त्याला सभेत बोलायची सवय नाही, हे दिसत होतं.

"डॉक्टर, ती इथे पडली असती तर तुम्ही तिला उचललं असतं. तिथे ती उठली. मी दाराबाहेर होतो. पाच वर्षं मला एक दार दिसायचं. आता दुसरं दिसतं." आणि बसला.

मग मोठ्या मॅडमनी फाटकबाईंना विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते की. फाटकावरही वाटायची. भीती वाटली की फाटक दोनदा तपासायचं, चौकी सोडून पळायचं नाही."

अटी ठरल्या. सकाळी मदतीची बाई, एक किल्ली सायकलवाल्याकडे, आणि दाबलं की केंद्रात फोन लागेल असं बटण गळ्यात. ही शेवटची अट फाटकबाईंनी अर्धीच मानली. "गळ्यात नको. घंटा बांधल्यासारखं वाटतं. कमरेला चालेल." डॉक्टरांनी पहिल्यांदा हसून सही केली.

२१ एप्रिल, सोमवार

फाटकबाई गेल्या. पाच वर्षांचं सामान दोन पिशव्यांत मावलं. रेडिओआजी सकाळपासून सूचना देत होत्या: दुधावर झाकण ठेवा, अनोळखी माणसाला आत घेऊ नका, पाय कोरडे ठेवा. गाडी निघाली तरी खिडकीतून चालूच. गाडी दिसेनाशी झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझा फॉर्म तीन महिन्यांनी पुन्हा आणाल ना? उत्तर तेच असेल. पण आणा."

आज सासूबाई माझ्या आधी उठून चहा करून बसल्या होत्या. मी रागावले. एवढी दगदग कशाला, मी आहे ना? कपबशी धुऊन टाकली.

४ मे, रविवार

फाटकबाईंना फोन केला. म्हटलं, येऊ का दुपारी? "आज नको," त्या म्हणाल्या, "धोबिणीची मुलगी वहीत वेळ लिहायला शिकायला येते. मग भाचा. पुढच्या आठवड्यात बघू." आणि ठेवला. मला क्षणभर वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं लिहू. पाच वर्षं रोज सकाळी ज्यांच्या खोलीत मी न विचारता शिरले, त्यांनी आज मला वेळ नाही म्हणून सांगितलं. नंतर मात्र दिवसभर गालातल्या गालात हसत होते.

सासूबाईंनी जेवताना विचारलं, "तुमच्या त्या खोलीतला फॉर्म घरात राहणाऱ्या माणसाला भरता येतो का?" आम्ही सगळे खूप हसलो. त्याही हसल्या, थोड्या. कधी कधी छान विनोद करतात.

१ जून, रविवार

आणखी सहा जणांची तयारी चालू आहे. एक आजोबा बसमध्ये चढायला शिकताहेत, एकीला पेला उचलता येऊ लागलाय. पण आज लिहायचंय ते वेगळंच.

दुपारी चारला दारावरच्या नव्या पहारेकऱ्याने मला बोलावलं. भेटायला आलेल्यांच्या वहीशी फाटकबाई उभ्या. वॉकर, पाठीला पिशवी, गाउनऐवजी निळा सदरा, सगळी बटणं लावलेली. बसने आल्या होत्या, एकट्या. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात त्यांनी चौदा नंबरच्या खोलीचा आकडा लिहिला. ‘नातं’ या रकान्यापाशी थोडं थांबल्या आणि ‘शेजारीण’ असं लिहिलं.

रेडिओआजींना इतका आनंद झाला की त्यांना पहिली दोन मिनिटं शब्दच सापडेनात. मग सापडले. तासभर मी त्या खोलीत मुद्दाम गेले नाही. व्हरांड्यातून नुसता आवाज ऐकत होते. एकीचा धबधबा आणि दुसरीचं मधूनच एखादं वाक्य, की दोघी हसायच्या.

पाचला घंटा होते. भेटायला आलेल्यांनी निघायचं. सतरा वर्षं मी ही घंटा ऐकतेय. ती झाली की खोल्याखोल्यांतून अर्धी माणसं उठतात आणि अर्धी भिंतीकडे तोंड करतात. आजही झाली. मी चौदा नंबरच्या दारात होते. फाटकबाई उठल्या.

व्हरांड्यातून त्या इतर पाहुण्यांबरोबर चालत आल्या, सगळ्यांच्या मागे, आपल्या चालीने. दारात पहारेकऱ्याने हात आडवा केला. "आजी, तुम्ही कुठे? आत चला, जेवायची वेळ होतेय."

"माझं जेवण घरी आहे," त्या म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ दे त्यांना. पाहुण्या आहेत."

त्यांनी वहीत वेळ लिहिली, ५.०४, आणि सही केली. बस आली. चढायला वेळ लागला, ड्रायव्हर थांबला, कोणीतरी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मी दारातच उभी राहून हात हलवला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बरोबरच आहे, घरी निघालेला माणूस कशाला मागे बघेल?